गोधडीतला धूर

पस्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाने कपडे धुण्यावर लिहावे हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. आमच्या नातीच्या गोधडीने आम्हांस तिकडे ढकलले.

२०२३ च्या आरंभी आमची लेक पहिल्या बाळंतपणासाठी कुहीला आली. त्याच संक्रांतीला आम्ही सिगारेट सोडली. एकोणचाळीस वर्षांचा तो व्यवहार एका दिवसात मिटवला याचा आम्हांस थोडा गर्वही झाला होता, आणि घरातले लोक त्या गर्वाची पुरेशी दखल घेत नाहीत अशी बारीक तक्रारही मनात होती. इकडे सौभाग्यवती दुपारी अंगणात बसून गोधडी शिवत होत्या. बाळाच्या अंगाखाली नवे कापड चालत नाही, ते टोचते. धुऊन धुऊन विरलेले सुती कापडच लागते, आणि घरात असे कापड दोनच माणसांचे असते. वरचा व खालचा पदर त्यांच्या जुन्या सुती लुगड्यांचा आणि आतले तीन पदर आमचे: दोन सदरे आणि एक लुंगी. दोन महिने धावदोरा घालून त्यांनी ती पुरी केली.

फाल्गुनात नागपूरच्या दवाखान्यात नात झाली. पाचव्या दिवशी दोघी घरी आल्या. बाळाला खाली ठेवण्यापूर्वी लेकीने गोधडी उचलून नाकाशी नेली, क्षणभर तशीच धरली आणि म्हणाली, "आई, यात बाबांचे कपडे आहेत ना? बाबांचा वास येतो."

हे वाक्य ऐकून आम्ही सुखावलो, हे कबूल केले पाहिजे. लेकीला बापाचा वास ओळखू यावा, आणि तोही नातीच्या अंथरुणात, याहून म्हातारपणी माणसाला काय हवे असते? आम्ही काहीतरी बोलणारही होतो. तेवढ्यात तिने गोधडीची घडी घातली, खोलीबाहेरच्या खुर्चीवर ठेवली आणि बाळाला आईच्या साध्या लुगड्यावर निजवले. "बाबा, रागावू नका. पण हा वास तुमचा नाही. तो सिगारेटचा आहे."

आम्ही म्हणालो, "दोन महिने झाले सोडून."

"तुम्ही सोडली. कपड्यांनी नाही सोडली."

न्यायशास्त्रात अनुमानाचे जे ठराविक उदाहरण देतात, ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, जसा स्वयंपाकघरात. नैयायिक मंडळी मोठी सावध. विस्तव विझल्यावरही धूर काही काळ रेंगाळतो हे त्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी मुळापासून न तुटलेली धुराची रेघच पुरावा म्हणून ग्राह्य धरली. आमच्या घरात नेमके याच्या उलट घडले होते. अग्नी नव्हता, रेघही नव्हती आणि तरी आम्ही दोषी ठरलो होतो. या निवाड्याविरुद्ध दाद मागावी असे आम्हांस फार वाटले. पण दाद मागावी तर जुनी प्रकरणे निघतात.

पहिले प्रकरण आमच्या आईचे. १९८४ साली आम्ही कुहीहून नागपूरला कॉलेजात जाऊ लागलो, ते नागपूर–नागभीड नॅरोगेजने. त्या छोट्या गाडीची आठवण काढून हल्ली पुष्कळ लोक हळवे होतात; २०१९ च्या नोव्हेंबरात ती रुंदीकरणासाठी बंद झाल्यापासून तर अधिकच. आम्हीही होतो, पण आमचे कारण निराळे आहे. ती गाडी म्हणजे आमची साक्षीदार होती, आणि तीही खोटी. डब्यात निम्मे लोक विड्या ओढीत असत. सदऱ्याला वास आला की आम्ही सारा दोष गाडीवर ढकलत असू. आई काही बोलत नसे. एकदा सदरा भिजवताना तिने तो पाठीकडून हुंगला, मग उजव्या बाहीची मनगटपट्टी हुंगली, आणि एवढेच म्हणाली, "गाडीचा धूर साऱ्या सदऱ्याले लागते बाबू, एका बाहीले नाही लागत." तर्कशास्त्राचा याहून चांगला पाठ आम्हांस नंतर कोणत्याही वर्गात मिळाला नाही. तिने त्या दिवसापासून त्या बाहीला थोडा जास्त साबण लावायला सुरुवात केली. वडिलांना मात्र तिने सांगितले नाही.

दुसरे प्रकरण लेकीचे आहे आणि त्याची आम्हांस कल्पनाच नव्हती. गोधडी खुर्चीवर गेली त्या रात्री ती बाळाला मांडीवर घेऊन बसली असता सहज म्हणाली, "मला लहानपणी धाप लागायची ना, तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचे. मी तुमच्या मानेत तोंड खुपसून झोपायची. तुमचा तो निळ्या पट्ट्यांचा सदरा होता."

निळ्या पट्ट्यांचा सदरा म्हणजे गोधडीच्या आतल्या तीन पदरांपैकी एक.

तिची ती धाप आम्ही मिरचीवर घातली होती. कुही, मांढळ, भिवापूर हा सारा पट्टा मिरचीचा. हंगामात सातऱ्यांवर बायका देठ खुडत असतात आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर गावभर ठसका पसरतो. मुलांना खोकला लागला की येथे कोणीही मिरचीकडे बोट दाखवतो आणि त्यात खोटे नसते. आम्हीही दाखवले. डॉक्टरांनी घरात कोणी ओढते का असे विचारले तेव्हा आम्ही बाहेर ओट्यावर ओढतो असे उत्तर दिले. तेही खोटे नव्हते. ओट्यावर ओढून आत यायचे आणि धापणाऱ्या पोरीला त्याच सदऱ्याच्या खांद्यावर घ्यायचे, यात काही विपरीत आहे हे त्या काळी ना आम्हांस सुचले, ना कोणी सुचवले. तिची धाप आमच्या सदऱ्यानेच आली असे म्हणण्यास आमच्यापाशी पुरावा नाही. नव्हती असे म्हणण्यासही नाही.

आता या गोष्टीला नाव आहे. इंग्रजीत तिला थर्डहँड स्मोक म्हणतात. आपण तिसऱ्या हाताचा धूर म्हणू. ओढणाऱ्याचा तो पहिला, शेजारी बसलेल्याचा दुसरा, आणि दोघे उठून गेल्यावर भिंतीत, पडद्यांत, कपड्यांत राहतो तो तिसरा. २००९ च्या सुमारास बालरोगतज्ज्ञांच्या लेखनातून हा शब्द रुळला. २०१० साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवले की पृष्ठभागांवर बसलेले निकोटिन तिथे नुसते पडून राहत नाही. हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग होऊन त्यापासून कर्करोगकारक नायट्रोसमाइने तयार होतात. पण आम्हांस सर्वांत बोचला तो २०२० चा प्रयोग. जर्मनीतील माइन्झ शहरात एका चित्रपटगृहाची हवा तपासली गेली. तिथे कित्येक वर्षे कोणी सिगारेट पेटवली नव्हती. तरीही प्रेक्षक आत येऊन बसले की हवेत तंबाखूच्या धुरातली द्रव्ये चढत. लोक ती अंगावरच्या कपड्यांतून आणीत होते. संशोधकांच्या हिशेबाने प्रेक्षकांना त्या बैठकीत एक ते दहा सिगारेटींच्या दुसऱ्या हाताच्या धुराइतकी काही द्रव्ये मिळत होती. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली तेव्हा आम्ही कायदा अक्षरशः पाळला. शाळेच्या आवारात कधी ओढली नाही. शंभर यार्डांच्या हद्दीपलीकडे गेलेल्या पानठेल्यावर जाऊन ओढली आणि घंटा होताच वर्गात येऊन कविता शिकवली. पहिल्या बाकावरची मुले काय शिकली कोणास ठाऊक.

असो. धुण्याकडे वळू.

पहिले काही दिवस आम्ही सुगंधाच्या मागे लागलो. सुवासिक पावडर, शेवटच्या पाण्यात घालायचे ते निळे द्रावण, कपाटात कापूर. परिणाम असा झाला की कपाट उघडले की कोणीतरी मोगऱ्याच्या मांडवाखाली बसून सिगारेट ओढत आहे असे वाटे. मग जावईबापूंनी मोबाइलवर एक कृती पाठवली: खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून त्यात कपडे भिजवा. बादलीत मोठा फेस आला. आमची आशा वाढली. वास होता तिथेच राहिला.

शेवटी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे आमचे जुने सहकारी मदतीला आले. त्यांनी प्रथम आम्हांस हसून घेतले. आम्ल आणि अल्क एकाच बादलीत ओतले तर ते एकमेकांनाच संपवतात, कपड्याच्या वाट्याला काही उरत नाही. निकोटिन आणि शिळ्या धुराचा तो विशिष्ट आंबूस-कडवट वास देणारी पिरिडीन जातीची द्रव्ये अल्कधर्मी असतात. अल्काला सोडा काय करणार? त्याला आम्ल पाहिजे. व्हिनेगरमधल्या आम्लाशी त्यांचे क्षार होतात. क्षार उडत नाहीत, म्हणून नाकाला लागत नाहीत, आणि पाण्यात विरघळून निघून जातात. मात्र ते साध्या पाण्याने आधी काढून टाकले पाहिजेत, कारण धुण्याचा साबण स्वतः अल्कधर्मी असतो; घाईने साबण लावला तर बांधलेले द्रव्य पुन्हा मोकळे होते. साबणाचे काम पुढचे: धुरातले जे तेलकट, चिकट डांबर धाग्यांवर बसते त्याला कोमट पाणी आणि साबणच लागतो. आणि एक ताकीद त्यांनी दोनदा दिली: कपडे पांढरे करण्याचे ब्लीच व्हिनेगरमध्ये कधीही घालायचे नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि मग कपड्यांचा वास हा प्रश्न उरत नाही.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही क्रम धरला. कपडे दोन दिवस वाऱ्यावर. मग अर्धी बादली पाण्यात पेलाभर व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवण. दोनदा साध्या पाण्यातून काढणे. मग कोमट पाणी आणि साबण. मग चैत्राचे ऊन. वास पुरता गेल्याशिवाय इस्त्री नाही, कारण उष्णतेने दबलेला वास जागा होतो. एकोणचाळीस वर्षे दुसऱ्यांनी धुतलेले सदरे आम्ही प्रथमच हाताने धुतले. नळावर बसून लक्षात आले की आईला ती बाही का कळली. धुणाऱ्याच्या नाकापासून काही लपत नाही. कापड ओले झाले की ते सारे सांगू लागते.

शेजारच्या आजींना हा खटाटोप पटला नव्हता. "पोराले धुरी देत नाही का आपण? मग बापाच्या धुराचं कायले एवढं?" त्यांचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड होता. न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. आम्ही विद्वत्ता पाजळण्याची संधी सोडली नाही. चरकसंहितेत बाळाची वस्त्रे आणि अंथरुणे गुग्गुळ, मोहरी, हिंग, वेखंड इत्यादींनी धुपवावीत असे सांगितले आहे हे आम्ही तत्परतेने लेकीच्या कानावर घातले. तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आली, चरकाला ती माहीत असणे शक्य नव्हते, हे मात्र आम्ही सांगितले नाही. लेकीने ते स्वतःच सांगितले. आणि पुढे म्हणाली की डॉक्टरांनी धुरीही नको म्हटले आहे. नवजात बाळाच्या फुप्फुसाला धूर तो धूरच, ओव्याचा असो की आणखी कशाचा. आजी दोन दिवस आमच्याकडे आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या एक उपयोगाची गोष्ट घेऊन: "गोधडी दोरीवर नोको टाकू. खाटेवर पसर, दोन्हीकून ऊन लागलं पायजे."

तर गोधडी अशी तीनदा धुतली. ओली झाल्यावर ती दोघांनी उचलावी लागे. तिसऱ्या खेपेनंतर लेकीने हुंगून पाहिली आणि मान हलवली. बाळाला तीवर ठेवले. आम्ही दारात उभे राहून पाहत होतो. अर्ध्या तासाने बाळाने आपले काम केले, आणि लेक गोधडी घेऊन बाहेर आली. काही बोलली नाही. नुसती आमच्यापुढे धरली. ऊब आणि ओल मिळताच आतला धूर पुन्हा वर आला होता.

आंभोरा आमच्याच तालुक्यात. दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तिथे जात असू. वैनगंगेच्या काठावर उभे राहून मुकुंदराज आणि विवेकसिंधू यांविषयी सांगायचे, शके १११० म्हणजे इ.स. ११८८ हे साल फळ्यावर नव्हे तर वाळूत लिहायचे, आणि मग हा मान अंबाजोगाईचा की आंभोऱ्याचा हा वाद थोडा रंगवायचा. वैदर्भी मुले अर्थातच एकमताने निकाल देत. त्या ओघात वेदान्तातल्या 'वासना' या शब्दाची व्युत्पत्ती आम्ही दरवर्षी सांगत असू. मराठीत वासना म्हणजे इच्छा, तीही बहुधा वाईट. पण मुळात हा शब्द वास लावण्याच्या क्रियेतून आला आहे. फुलांत ठेवलेल्या तिळांना जसा फुलांचा गंध लागतो आणि फुले काढून टाकल्यावरही तेलात राहतो, तसा केलेल्या कर्माचा ठसा चित्तात राहतो, ती वासना. शिवाय संस्कृतात वास म्हणजे राहणे आणि वासस् म्हणजे वस्त्र; तिन्ही शब्द इतके जवळ जवळ उभे की व्युत्पत्तीने वेगळे असूनही कानाला एका घरचे वाटावेत. हे आम्ही इतक्या वेळा सांगितले आहे की शेवटी शेवटी वाक्ये आपोआप येत. जीवन्मुक्तीसाठी वासनाक्षय सांगितला आहे, हेही येई. आणि पोरे वाळूत वनभोजनाचे डबे उघडू लागली की आम्ही जरा बाजूला जाऊन एक सिगारेट ओढत असू.

पुस्तकांविषयी दोन शब्द. कपडे धुता येतात, पुस्तके येत नाहीत. पुढच्या खोलीतले आमचे कपाट उघडले की तोच वास येतो. पूर्वी आम्ही त्याला जुन्या कागदाचा वास म्हणत असू. लेकीने बाळाचा पाळणा मागच्या खोलीत हलवला आणि कपाटाचे दार लावून घेतले. उसनी नेलेली पुस्तके लोक आम्हांस इतक्या तत्परतेने का परत करीत, याचा उलगडा मात्र झाला. १९९६ च्या एका साहित्य संमेलनासाठी शिवलेला लोकरी कोट तर कशालाच बधला नाही. एकदा ड्रायक्लीनला देऊन आणला तेव्हा धुरावर रॉकेलसारख्या कशाचा तरी वास चढला होता. तो पावसाळ्यापर्यंत ओट्यावरच टांगला होता.

गोधडीवर उपाय एकच उरला, आणि तो सौभाग्यवतींनीच काढला. दोन महिन्यांची शिवण त्यांनी दोन दुपारी उसवली. आम्ही म्हणालो, आमचे पदर काढून टाका आणि तुमचेच घाला. आमच्या आवाजात रुसवा असावा, कारण त्यांनी कात्री खाली ठेवली. "अहो, लुगडी हवी तेवढी आहेत. पण पोरगी म्हणते, बाबांचं असू द्या, धुऊन बघा." हे आम्हांस ठाऊक नव्हते.

तेव्हा प्रत्येक पदर वेगळा धुतला. परीक्षा अशी: कापडावर पाण्याचे चार शिंतोडे, वरून कोमट इस्त्री, आणि लगेच लेकीच्या नाकाशी, तिने डोळे मिटलेले, कोणता पदर आहे हे तिला सांगायचे नाही. पांढरा सदरा तिसऱ्या धुण्यात उतरला. निळ्या पट्ट्यांच्या सदऱ्याची पाठ लवकर सुटली, पण खांदे आणि उजवी बाही अडून बसली. बाही कापून टाकली. खांद्यांना पाच धुणी लागली. पाचव्या वेळी लेकीने डोळे मिटून बराच वेळ कापड नाकाशी धरले. "नाही येत," ती म्हणाली. मग डोळे उघडून कोणता पदर आहे तो पाहिला, आणि पुन्हा एकदा हुंगला.

लुंगी सात धुण्यांनंतरही नापास झाली. ओट्यावर बसून ओढायची ती लुंगी नेसूनच. तिच्या जागी लुगड्याचा पदर गेला.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गोधडी पुन्हा शिवून झाली. तोवर नातीला घेण्याचा आमचा रिवाज ठरून गेला होता: आंघोळ, मग बाजारातून आणलेल्या दोन कोऱ्या सदऱ्यांपैकी एक, मग मांडी. पहिल्या दिवशी बाळ नव्या गोधडीवर दोन तास झोपले, आणि उठण्यापूर्वी तिने ती नेमाप्रमाणे भिजवली. लेकीने ओला भाग उचलून हुंगला. आम्ही वर्तमानपत्रामागून पाहत होतो. ती गोधडी घेऊन नळावर गेली, साध्या पाण्यात खळबळून खाटेवर पसरली, आणि आत येऊन चहाला आधण ठेवले.

लुंगीचे चार तुकडे केले आहेत. त्यांनी आम्ही स्कूटर पुसतो.